डावा कौल

"ढकल बे," भगवानराव देशमुख ओठ न हलवता म्हणाले.

आसाराम गुरवानं वर बघितलं नाही. त्याचे दोन्ही तळवे दगडावर होते, देशमुखांचेही होते. दोघं समोरासमोर उकिडवे बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. उंबऱ्याबाहेर पाच पंच माना उंच करून आत बघत होते. दगड हलत नव्हता.

"डाव्या अंगाला. माझ्या डाव्या. कान गेले का तुझे?"

कान शाबूत होते. आसाराम अजून ढकलत नव्हता, एवढंच.

कोळदऱ्याच्या खडकाई देवीपुढं हा काळा दगड आहे, कलिंगडाएवढा, पिढ्यान् पिढ्यांच्या तेलानं गुळगुळीत झालेला. खालच्या फरशीत एक उथळ वाटी कोरली आहे, तिच्यात तो डुलतो. विचारणाऱ्यानं देवीकडं तोंड करून बसायचं, गुरवानं त्याच्यासमोर, देवीकडं पाठ करून. दोघांनी हात ठेवायचे. विचारणाऱ्यानं प्रश्न मनात धरायचा. दगड त्याच्या उजव्या हाताला कलला तर देवी हो म्हणाली, डाव्या हाताला कलला तर नको म्हणाली. बैल घ्यावा का, पोरगी द्यावी का, गेलेला माणूस परत येईल का, सगळं त्या दगडाला विचारायचं. निजामाच्या राज्यात तहसीलदार उर्दूत बोलायचा आणि देवी दगडातून बोलायची. रयतेला दोन्ही भाषा येत नव्हत्या. दोन्हीकडं मध्ये कुणीतरी लागायचंच.

देवीच्या बाजूनं तीस वर्षं आसाराम मध्ये बसला. त्याच्या बापानं मरायच्या आधी त्याला शिकवलं होतं, "देवीला समदं बोलता येत न्हाई लेकरा. थोडं आपुन बोलावं लागतं." मनगटाजवळचा तळहाताचा गादीसारखा भाग किंचित दाबला की पुरे. बघणाऱ्याला कळत नाही, समोरच्यालाही कळत नाही. आसाराम लुच्चा नव्हता. तो माणसाचं तोंड वाचायचा. लोक विचारायला येत नाहीत, ठरवून येतात आणि हो म्हणवून घ्यायला येतात, हे त्याला पहिल्या वर्षातच कळलं होतं. ज्याला जे पाहिजे ते तो देवीकडून देववायचा आणि खोबऱ्याची वाटी घ्यायचा. एकदा एक बाई माहेरी जाऊ का म्हणून विचारत आली. तिच्या डोळ्यांत विहीर दिसत होती. त्या दिवशी त्यानं दगड उजवीकडं असा लोटला की वाटीतून बाहेर पडता पडता राहिला. ती बाई अजून जिवंत आहे.

बापानं आणखी एक सांगितलं होतं. गुरवानं स्वतःचा प्रश्न लावायचा नाही. का, ते सांगितलं नव्हतं. बाप लोक नेमकं तेवढं सांगत नाहीत.

आसारामनं तो नेम वीस दिवसांपूर्वी मोडला होता.

मुलुखात मानमोडी आली होती. मान धरायची, हाडं ठणकायची, छातीत पाणी भरायचं आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी माणूस निळा पडायचा. कोळदऱ्यासारख्या गावात चाळीस माणसं गेली. आसारामचा एकुलता एक उत्तरेश्वर बावीस वर्षांचा, दोन पोती उचलणारा गडी. तोही तापला. कुणीतरी सांगितलं, मोमिनाबादला सरकारी दवाखाना आहे, तिथं न्या. मोमिनाबाद बारा कोस. मध्ये बालाघाटाचा उतार. न्यावं की नेऊ नये?

त्या सकाळी आसाराम आडावर पाणी शेंदत असताना त्याला कुणीतरी बोललं.

"आसा, गाडी जुंप."

त्यानं मागं बघितलं. कुणी नव्हतं. आवाज देवीसारखा नव्हता. देवी ज्यांच्या अंगात येते त्यांचा आवाज त्यानं शंभरदा ऐकला होता, तो चढा असतो, घोगरा असतो. हा अगदी साधा होता. चुलीपुढून कुणी सरपण आणायला सांगावं तसा. आणि आसा म्हणून त्याला आता गावात कुणीच हाक मारत नव्हतं, तसं म्हणणारे सगळे मेले होते. तो घाबरला. मग त्यानं विचार केला आणि त्याला हसू आलं. गाडी जुंप? त्याला गाडी नव्हती. बैल नव्हते. गुरवाकडं संबळ असतो, पत्रावळींची पानं असतात. देव बोलला असता तर देवाला एवढं ठाऊक असतं. म्हणजे हे आपल्याच डोक्यातलं भूत.

म्हणून तो दगडाकडं गेला. स्वतः विचारणाऱ्याच्या जागी बसला, बायकोला, छबुबाईला, गुरवाच्या जागी बसवलं. प्रश्न लावला, पोराला मोमिनाबादला नेऊ का? दोघांनी हात ठेवले. दगड डावीकडं कलला. सरळ, स्पष्ट, कधी कुणासाठी कलला नव्हता तसा. नको.

तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वर गेला. तेरावं झालं, सुतक फिटलं आणि त्याच्या चौथ्या दिवशी त्याची विधवा, अंजना, तापली. एकोणीस वर्षांची पोर. तिला कुठं न्यावं का, असा प्रश्नसुद्धा कुणी काढला नाही. पांढऱ्या कपाळाच्या बाईसाठी कौल लावायची रीत नव्हती.

आणि आज देशमुख आले होते.

देशमुखांचा धाकटा भाऊ मानमोडीच्या पहिल्या तडाख्यात गेला होता. त्याची बायको सावित्रीबाई दत्तक घेते म्हणत होती. दत्तक आला की अर्धं वतन गेलं. दत्तक नको असा गावाचा महजर, म्हणजे अंगठ्यांचा कागद, तहसीलीत पाठवायचा होता, आणि पंच म्हणाले, देवीचा कौल डावा पडू द्या, मग आम्ही अंगठे उठवतो. पंचांनाही आपली लाज झाकायला देवी लागत होती.

"तुझी सून तापलीय म्हनं," देशमुख पुटपुटले.

"परवाधरनं."

"माझी दमणी गाडी दाराशी हाय. खिल्लारी जोडी. आत्ता निघालास तर दिवस मावळायला धारूर, सकाळी मोमिनाबाद. एका विधवा पोरीसाठी कोण देतं बे एवढं? तू फक्त एवढा सरकीव."

आसारामनं ढकलायचं ठरवलं. हे लपवण्यात अर्थ नाही. सावित्रीबाईचं वाईट होईल हे त्याला दिसत होतं, पण सावित्रीबाईला ताप नव्हता. त्यानं हिशोब केला आणि हात दाबायला घेतला. देशमुखांचा डावा म्हणजे माझा उजवा, तो मनाशी म्हणाला. एरवी हे मनाशी म्हणावं लागत नसे. तीस वर्षांत हातांना पाठ झालं होतं. हो म्हणायचं तर आपल्या डाव्या अंगाला लोटायचं, नको म्हणायचं तर आपल्या उजव्या. समोरच्याला ते बरोबर उलटं दिसतं.

आपल्या डाव्या अंगाला लोटलं की हो.

आणि त्याचे हात होते तिथं थांबले.

त्या दिवशी तो इथं बसला नव्हता. देशमुख बसलेत तिथं बसला होता. हात मात्र तेच होते, तीस वर्षांचे. दगड त्याच्या डाव्या अंगाला गेला होता. म्हणजे त्याचे हात हो म्हणाले होते. पोराला ने, म्हणाले होते. जागा बदलली होती म्हणून त्यानं ते नको असं वाचलं. बायकोनंही तसंच वाचलं. आणि तीन दिवस त्यांनी पोराच्या छातीवर अंगारा चोळला.

"अरे ढकल की!"

त्यानं ढकलायचा प्रयत्न केला. खरोखर केला. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडून राहिले. याला देवीचा कोप म्हणावं, की रात्र रात्र जागलेल्या माणसाचा थकवा म्हणावं, हे त्याला त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. तो उठला.

"मालक, दगड न्हाई हालत."

"न्हाई हालत का तू न्हाई हालवत?"

"मी न्हाई हालवत. अन् मी हालवल्याबिगर तो कंदी हाललाच न्हाई."

बाहेर पंचांपैकी एकजण खोकला. देशमुखांचं तोंड लाल झालं. ते उठले, धोतर झटकलं आणि पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा गेल्यापासून गुरवाचं डोकं फिरलंय. ह्याचा चुलतभाऊ त्रिंबक हाय की. त्यालाबी हात हायेत." मग आसारामच्या जवळ येऊन हळूच, "सुनेला मातीत घाल आता, भडव्या."

घरी छबुबाई सुनेच्या उशाशी बसली होती. अंजनाचा श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. छबुबाईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

"दमणी देत हुते," तो म्हणाला. "म्या न्हाई घेतली."

"कावून?"

"दगड ढकला म्हनले. म्या न्हाई ढकलला."

"आवं!" छबुबाई ताडकन उठली. "तीस वर्स खोबऱ्याच्या तुकड्यासाठी ढकलला न् आज सोवळं सुचलं व्हय तुमाला? आज? ढकलायचा एक डाव! जा माघारी, पाय धरा त्यांचे."

तो दारातच बसला. त्यानं सांगितलं. कुठं बसलो होतो, हात कसे चालतात, डावं कसं उजवं झालं. त्याला दोनदा सांगावं लागलं. छबुबाईनं हवेत स्वतःचे हात धरून बघितले, एकदा असे, एकदा तसे. मग तिनं ते पदराखाली घेतले.

"म्हंजी देवी ने म्हनली हुती?"

"देवी न्हाई. माझे हात."

"मग हातात कोन हुतं?"

आसाराम अंगणात आला. ऊन चढलं होतं. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता, तो आता गावात कोंबड्याच्या आरवण्यासारखा झाला होता, कुणी कान देत नव्हतं. तो उभा राहिला आणि पुन्हा ते आलं.

"आसा, गाडी जुंप."

तसंच. साधं. चुलीपुढचं.

"कुठली गाडी?" आसाराम मोठ्यानं ओरडला. "हाय का मला गाडी? दिलीस का कंदी? पोरगा मेला तवाबी हेच! ज्याला गाडी हाय त्याला सांग की जाऊन! इथं काय बोंबलायलास?"

छबुबाई दारात येऊन उभी राहिली. नवरा आभाळाला शिव्या देतोय आणि तोंडातून थुंकी उडतेय, हे तिनं बघितलं. तिला वाटलं, आता दोघांना मातीत घालायचं.

तेवढ्यात रस्त्यावर चाक करकरलं. समोरच्या घराचं दार धाडकन लागलं. बंकट महाराची गाडी मसणवट्यातून रिकामी परत येत होती. मानमोडीत खांदेकरी मिळेनासे झाले तेव्हापासून मढी बंकटच्या गाडीतून जात होती. ती दिसली की दार लावायचं, तोंड फिरवायचं, मागून रस्त्यावर चिमूटभर राख टाकायची. आसारामही रोज तेच करायचा. सवयीनं त्यानं आत्ताही तोंड फिरवलं.

मग त्यानं ते परत वळवलं.

दोन बैल. दोन चाकं. माणूस निजेल एवढी साटी. वीस दिवसांपूर्वीही ती रोज याच दारावरून जात होती. दिवसातून तीनदा. पण ती गाडी गाडीत धरायचीच नाही, असं सगळ्या गावानं ठरवलं होतं, आणि आसाराम गावातलाच होता.

"बंकट, थांब."

बंकटनं कासरा ओढला. "जोहार, गुरवबाबा. कोन गेलं?"

"कुनी न्हाई गेलं. जायच्या आत न्यायचंय. मोमिनाबादला. सुनेला."

बंकट गाडीकडं बघत राहिला. "ह्या गाडीत?"

"ह्याच."

"बाबा, ह्यातनं उठून कुनी घरी आलेलं न्हाई आजवर."

"मला दुसरी गाडी न्हाई."

"अन् हाकणार कोन? म्या हाकली तर माझी सावली पडंल तुमच्यावर बारा कोस."

"पडू दे. माझ्या घरात मानमोडी हाय, माझी सावली तुझ्यावर पडंल. चालंल का?"

बंकट कडवट हसला. "माझ्या घरातले चार गेले, बाबा. मानमोडी आली तवा ती गुरवाच्या घरची हाय का म्हाराच्या, इचारलं न्हाई तिनं. देवळाच्या पायरीला आमची सावली चालत न्हाई, अन् मढ्याला चालती. न्हाईतर तुमचा उत्तरेश्वर कोनी नेला असता?" तो खाली उतरला. गाडीतला जुना कडबा काढून त्यानं वाऱ्यावर फेकला, पाण्यानं साटी धुतली, नवा कडबा अंथरला. तो हे सगळं करत असताना आसाराम नुसता उभा होता. नंतर त्यानंही एक पेंढी उचलून पसरली.

अंजनाला उचलून आणलं तेव्हा तिनं डोळे उघडले. एरवी सासऱ्यासमोर तिचा पदर नाकाखाली आलेला कुणी पाहिला नव्हता. आज पदराची शुद्ध नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "म्या मेले का?"

"न्हाई गं बाय."

"मग बंकटदादाच्या गाडीत कावून घालायलाव?"

"दुसरी मिळाली न्हाई."

तिनं जरा विचार केला. "मग उद्या परत हितंच घालावं लागन. दोन दोनदा कशाला तरास."

बंकट हसला. छबुबाईनं त्याच्यावर डोळे वटारले आणि मग तिच्याही तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं, ते हुंदक्यासारखं होतं.

गल्लीतली दारं फटीएवढी उघडली. एक म्हातारी ओरडली, "जित्या मानसाला मढ्याच्या गाडीत! आरं गुरवा, देवी भस्म करंल तुला!" देवीबद्दल बोलायचं आसारामकडं काहीच उरलं नव्हतं. छबुबाई मात्र गाडीच्या मागून खाली वाकली, रस्त्यावरची माती मुठीत घेतली आणि त्या दाराच्या दिशेनं फेकली.

घाटाच्या उतारावर बंकट खाली उतरून बैलांच्या पुढं चालत होता. आसाराम मागून साटी धरून चालत होता. छबुबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. छबुबाई बोलली, नवऱ्याकडं न बघता.

"तुमच्या हातानं न्हाई झालं ते."

"काय?"

"म्या ढकलला. माझ्याकडनं. दवाखान्यात मानसं कापतेत म्हनत हुते. म्हनलं माझं लेकरू परक्या मुलखात नको मरू दे. जगंल तर घरी जगंल." ती थांबली. "लई जोर न्हाई लावला. थोडासाच लावला."

आसाराम गाडी धरून चालत राहिला.

"न्हाई. तू न्हाई. माझे हात हुते. मला कळत न्हाई का?"

"म्या सांगते न् म्या ढकलला!"

"तीस वर्स तू ढकललास का म्या?"

"तुमी तीस वर्स. म्या एकदा. तेवढं एकदा पुरलं न्हाई का?"

"हळू भांडा," बंकट पुढून म्हणाला. "बैल बिचकतेत."

चार हात होते दगडावर. कुणाच्या हातात नेणं होतं, कुणाच्या हातात ठेवणं होतं, आणि कुणाच्या हातात देवी होती की नव्हती, याचा उलगडा करायला दगडाशिवाय साक्षीदार नव्हता. रात्र धारूरच्या अलीकडं एका चिंचेखाली काढली. सकाळी अंजना श्वास घेत होती.

दवाखान्याच्या पडवीतसुद्धा माणसं निजवली होती. कंपाउंडरनं अंजनाची पापणी उलटून बघितली. "कुनैन है, पानी है," तो म्हणाला. "और कुछ नहीं है, बुढ्ढे. ऊपरवाले का नाम लेते बैठ."

आसाराम नाव घेत बसला नाही. तो ऐकत बसला. नऊ दिवस तो आवारातल्या लिंबाखाली बसून त्या आवाजाची वाट बघत होता. काहीही बोल, तो मनात म्हणायचा. तू होतास का, एवढं बोल. तो देव असेल तर आता गप्प का? आणि आपल्याच मनाचा खेळ असेल तर मन आता कुठं गेलं, ते तर इथंच आहे, रात्रंदिवस कुरतडतंय. कधी त्याला इतका राग यायचा की तो दात खायचा. दोनदा येऊन गाडी जुंप म्हणालास. बंकटची, एवढा एकच शब्द आणखी बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? मग त्याला वाटायचं, बोलला असता तर मी ऐकलं असतं का? महाराची गाडी म्हटल्यावर? त्यापुढं विचार जात नसे. तो पुन्हा ऐकत बसायचा. पडवीतून फक्त खोकल्याचे आवाज यायचे.

पाचव्या दिवशी त्यानं कंपाउंडरला गाठलं. "साहब, मेरा लडका था. उसको इधर लाया असता तो?"

कंपाउंडरनं त्याच्याकडं नीट बघितलं. हा प्रश्न त्याला रोज चार जण विचारत असावेत. "आधे जीते, आधे मरते. तेरा कौनसे आधे में था, वो मैं कैसा बोलूं?"

"फिर भी. हो, या नको. एक बोलो."

"नहीं बोल सकता," कंपाउंडर म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं गेला. तीस वर्षांत आसारामनं एकाही माणसाला हे उत्तर दिलं नव्हतं.

त्यांना सोडून गावी गेलेला बंकट आठव्या दिवशी परत आला. गावची खबर त्याच्याकडं होती. त्रिंबक गुरवकीला बसला. देशमुखांचा कौल पहिल्याच झटक्यात डावा पडला, महजरावर अंगठे उठले. "लई हुशार दगड हाय बाबा," बंकट म्हणाला. "मालकाची भाषा लगीच शिकला." आसाराम आता तिथला कोणी नव्हता. सावित्रीबाईला दत्तक मिळणार नव्हता. आपण हात काढले त्यानं कुणाचंच भलं झालं नाही, हे आसारामला कळलं आणि तरीही परत हात ठेवावेसे वाटले नाहीत. हे कसं, तेही त्याला सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी अंजना उठून बसली. छबुबाईनं तीन दगडांवर कण्या शिजवल्या होत्या, त्यांची पातळ पेज करून वाटीत दिली. अंजनानं वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाला लावली आणि प्यायली. घशाखाली गेलेलं दिसलं. पुन्हा प्यायली.

सून वाचली.

म्हणजे पोरगाही वाचला असता. हे दोघांना एकाच क्षणी कळलं, आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. छबुबाई उठली. पडवीच्या खांबाआड गेली. पोरगा गेल्या दिवशी ती रडली होती ती चारचौघींसारखी, रीतीनं, सुरात. आता खांबाआडून जो आवाज आला त्याला सूर नव्हता. झोपलेले रोगी माना वळवून बघू लागले.

अंजनानं त्या दिशेला बघितलं, मग सासऱ्याकडं. तिला काय चाललंय ते समजलं की नाही कोण जाणे. तिनं पदर पुढं ओढला.

"मामा, अळणी हाय," ती म्हणाली.

आसाराम वाटी घेऊन आवारात आला. लिंबाखाली रोग्यांच्या माणसांच्या चुली मांडल्या होत्या. एक बाई आपली भांडी गाठोड्यात बांधत होती. चूल विझवलेली होती.

"बाई, चिमूटभर मीठ हाय का?"

तिनं गाठोड्यातून एक पुरचुंडी काढली आणि सगळीच्या सगळी त्याच्या हातावर ठेवली.

"एवढं नको, बाई."

"असू द्या. आता मला कुनासाठी रांधायचंय." तिनं गाठ मारली. "तुमचं कोन हाय?"

"सून हाय. आज बसली उठून."

"माझा ल्योक हुता. पहाटं गेला."

आसारामच्या तोंडात प्रश्न आला. तो विचारू नये हे त्याला कळत होतं, तरी त्यानं विचारला. "कंदी आनलता?"

"अंग तापलं त्याच दिशी. आमी उशीर न्हाई केला, बाबा. दुपारच्या आत हितं हुतो." तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, ते नीट बसलं की नाही हातानं चाचपलं आणि फाटकाकडं चालू लागली.

आसाराम पुरचुंडी हातात घेऊन उभा राहिला. तिला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. ती फाटकाबाहेर गेली, वळली, दिसेनाशी झाली.

तो पडवीत परत आला. सुनेसमोर बसला. पुरचुंडी सोडून त्यानं वाटीत थोडं मीठ टाकलं, बोटानं ढवळलं.

अंजनानं घोट घेतला. "आनखी थोडं," ती म्हणाली.

त्यानं आणखी थोडं टाकलं.